शाळेत पोलीस अधिकारी असावा का, आणि असलाच तर त्याचे काम नेमके कोणते?

निशिगंधा

नमस्कार. आम्ही नऊ वर्षांपासून अमेरिकेत राहतो आणि आमची मुलगी येथील सार्वजनिक शाळेत सातवीत शिकते. तिच्या शाळेत पूर्णवेळ पोलीस अधिकारी असतो. येथे त्याला स्कूल रिसोर्स ऑफिसर, थोडक्यात एसआरओ, म्हणतात. शहराच्या पोलीस खात्याशी झालेल्या या कराराची मुदत संपत आली आहे. पुढील महिन्यात स्कूल बोर्ड, म्हणजे शाळांचा कारभार पाहणारे स्थानिक मंडळ, नूतनीकरणावर मतदान घेणार असून त्याआधी पालकांची लेखी मते मागवली आहेत.

हा अधिकारी रोज सकाळी दाराशी उभा राहून मुलांना नावाने हाक मारतो आणि माझ्या मुलीला त्याचा आधार वाटतो. मात्र गेल्या हिवाळ्यात आठवीतल्या एका मुलाने वर्गात फोन देण्यास नकार दिला, शिक्षिकेशी हुज्जत घातली, आणि तेवढ्यावरून याच अधिकाऱ्याने त्याला बेड्या घालून गाडीत बसवले. मुलाकडे शस्त्र नव्हते, त्याने कोणावर हातही उगारला नव्हता. त्या रात्री मुलगी जेवली नाही. "तो फक्त ओरडत होता" एवढेच पुन्हा पुन्हा सांगत राहिली.

टेक्सासमधील युव्हाल्डीच्या शाळेत 2022 मध्ये झालेल्या गोळीबाराची आठवण असताना शाळेत पोलीस नको असे लिहिण्याचे धाडस होत नाही, आणि त्या मुलाचे मनगट डोळ्यांसमोर आले की हवा असेही लिहवत नाही. आपण काय लिहिले असते?

सह्यकडा

आपली घालमेल समजते, तरीही मी करार चालू ठेवण्याच्याच बाजूने आहे. 4 सप्टेंबर 2024 रोजी जॉर्जियातील अपलाची हायस्कूलमध्ये गोळीबार झाला, तेव्हा शिक्षकांच्या गळ्यातील ओळखपत्रावरच धोक्याची सूचना देणारे बटण होते. इशारा मिळताच शाळेतील अधिकारी काही मिनिटांत हल्लेखोरासमोर उभे राहिले आणि तो शरण आला. दोन विद्यार्थी आणि दोन शिक्षक तरीही गेले. मदत बाहेरून यायची असती तर काय झाले असते, याचा विचार करवत नाही.

कोलोरॅडोतील डेन्व्हर शहराचा अनुभवही पाहावा. तेथील बोर्डाने जून 2020 मध्ये शाळांतून पोलीस काढून घेण्याचा निर्णय घेतला. त्यानंतर ईस्ट हायस्कूलमध्ये एका विद्यार्थ्याची रोज झडती घेण्याचे काम निःशस्त्र कर्मचाऱ्यांवर आले, आणि मार्च 2023 मध्ये त्याने झडती घेणाऱ्या दोघांवर गोळ्या झाडल्या. दोघेही वाचले, परंतु शिक्षण क्षेत्रातील माणसावर असे काम सोपवणे मला मुळातच चुकीचे वाटते. बोर्डाने पुढे पोलिसांना परत बोलावले.

अनुबंध

सह्यकडा यांचे उदाहरण खरे आहे, पण त्यावरून नियम काढता येत नाही. 1999 मध्ये कोलोरॅडोतील कोलंबाइन हायस्कूलमध्ये गोळीबार झाला तेव्हा तेथे सशस्त्र अधिकारी नेमलेला होता आणि त्याने हल्लेखोरावर गोळ्याही झाडल्या, तरी त्या दिवशी 13 बळी गेले. 2018 मध्ये फ्लोरिडातील पार्कलँडच्या हायस्कूलवरील हल्ल्यात शाळेचा अधिकारी इमारतीबाहेरच थांबला आणि आत 17 जण मारले गेले. युव्हाल्डीत तर शाळांचे स्वतःचे पोलीस दल होते. एकूण 376 पोलीस तेथे जमले, आणि हल्लेखोर आत शिरल्यापासून सुमारे 77 मिनिटे लोटल्यावर वर्गाचे दार उघडले गेले. 19 मुले आणि 2 शिक्षिका आपण गमावल्या.

1980 ते 2019 या काळातील शाळांतील गोळीबाराच्या आणि तशा प्रयत्नांच्या 133 घटनांचा एक अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. सशस्त्र रक्षक हजर असलेल्या शाळांत मृत्यूंचा दर रक्षक नसलेल्या शाळांच्या 2.83 पट आढळला. रक्षकामुळे मृत्यू वाढले असे यावरून सिद्ध होत नाही. पण असे अनेक हल्लेखोर मरायच्याच तयारीने आलेले असतात, त्यामुळे बंदुकीचा धाक त्यांना थोपवत नाही, हा त्यातला मुद्दा मला पटतो. दुसऱ्या एका मोठ्या संशोधनात एसआरओमुळे मारामाऱ्या काही प्रमाणात कमी झाल्याचे दिसले, मात्र गोळीबाराच्या घटना कमी झाल्या नाहीत, उलट निलंबने आणि अटका वाढल्या. ही किंमत सर्वांना सारखी मोजावी लागत नाही. 2015-16 च्या सरकारी आकडेवारीनुसार विद्यार्थ्यांमध्ये कृष्णवर्णीय मुले 15 टक्के होती, पण पोलिसांकडे सोपवलेल्या किंवा अटक झालेल्या विद्यार्थ्यांमध्ये 31 टक्के.

वर्गशिक्षिका

मी अकरा वर्षांपासून अमेरिकेतील एका हायस्कूलमध्ये शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पोलिसाला वर्गात बोलावणारी व्यक्ती बहुतेक वेळा शिक्षकच असते, हे आम्ही शिक्षकांनी आधी मान्य करायला हवे. तीस मुलांसमोर एक मुलगा ऐकत नाही, समुपदेशक दुसऱ्या प्रकरणात अडकलेली आहे, आणि गणवेशातला माणूस दोन मिनिटांवर आहे. अशा वेळी हात आपोआप फोनकडे जातो. शाळा समुपदेशकांच्या राष्ट्रीय संघटनेची शिफारस 250 विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक अशी आहे, आमच्याकडे हा आकडा 400 च्या वर आहे. दक्षिण कॅरोलायनात तर शाळेत व्यत्यय आणणे हाच विद्यार्थ्यांसाठी गुन्हा होता. 2015 मध्ये एका अधिकाऱ्याने मुलीला बाकासकट ओढून वर्गात फरफटत नेल्याची चित्रफीत देशभर पाहिली गेली, आणि 2018 मध्ये विद्यार्थ्यांना त्या कायद्यातून वगळले गेले.

आता दुसरी बाजू. दोन वर्षांपूर्वी एक मुलगी तास संपल्यावर वर्गात रेंगाळली आणि कोणी नाही असे पाहून तिने मला फोनवरचा एक संदेश दाखवला. तिच्या मित्राने बंदुकीचे छायाचित्र आणि खाली एक तारीख पाठवली होती. मी तशीच समुपदेशकाकडे गेले, धोका पडताळणाऱ्या गटाची बैठक त्याच दुपारी झाली, आणि आमचा अधिकारी साध्या कपड्यांत समुपदेशकाबरोबर त्या मुलाच्या घरी गेला. बंदूक वडिलांची होती. ती घरातून हलवली गेली आणि मुलाचे उपचार सुरू झाले. सीक्रेट सर्व्हिस या अमेरिकी सुरक्षा यंत्रणेने 2021 मध्ये शाळांवरील हल्ल्यांच्या टळलेल्या 67 कटांचा अभ्यास मांडला, त्यातही माहिती देणाऱ्यांत बरोबरीची मुलेच सर्वाधिक होती. मुले बोलतात ती विश्वास असलेल्या माणसाशी. फोनवरून झालेल्या भांडणात बेड्या पाहिलेले मूल पुढच्या वेळी तोंड उघडेल का, याची मला खरी काळजी वाटते.

निशिगंधाताई, म्हणून मी "हवा" किंवा "नको" यांपैकी काहीच लिहिले नसते. आपण करार मागवून वाचावा. शिस्तीच्या प्रकरणात अधिकारी हात घालणार नाही असे त्यात स्पष्ट लिहिले आहे का, अटकेपूर्वी मुख्याध्यापकांना आणि पालकांना केव्हा कळवायचे, आणि अटकांची नोंद बोर्डापुढे येते का, हे पाहावे. एसआरओंच्या राष्ट्रीय संघटनेचीही भूमिका हीच आहे की शिस्त हे शाळेचे काम आहे.

निशिगंधा

सर्वांचे मनापासून आभार. ताई, करार मिळाला. अकरा पाने आहेत. गाडी, गणवेश, जादा तासांचे वेतन यांवर दोन पाने आहेत आणि शिस्तीबद्दल एकही वाक्य नाही. पालकांना "शक्य तितक्या लवकर" कळवावे, एवढेच म्हटले आहे.

काल त्या मुलाच्या आईशी बोलले. शाळेचा फोन तिला आला तेव्हा मुलाला ठाण्यात नेऊन चाळीस मिनिटे झाली होती. माझ्या पत्रात नूतनीकरणाला पाठिंबा देत आहे, पण शिस्तीचे कलम घातले जाईल आणि "शक्य तितक्या लवकर" या शब्दांच्या जागी "शाळेबाहेर नेण्यापूर्वी" असे येईल, या अटीवर. मसुदा उद्या येथे टाकते, कृपया सर्वांनी पाहावा.