बंदिशींची छापील पुस्तके ठेवावीत, की स्कॅन करून देऊन टाकावीत?

प्रश्न (रियाजी)
वडिलांनी आयुष्यभर जमवलेली संगीताची पुस्तके आता माझ्याकडे आली आहेत. त्यांत पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या ‘क्रमिक पुस्तक मालिके’चे सहाही भाग, पलुस्कर पद्धतीच्या स्वरलिपीतील (स्वर-ताल खुणांनी लिहिण्याच्या पद्धतीतील) काही जुनी पुस्तके, नाट्यपदांची पेटीसाठी केलेली नोटेशन्स आणि वडिलांच्या हातच्या वह्या आहेत. आम्ही लवकरच लहान घरात राहायला जाणार आहोत. रियाजाच्या वेळी मी टॅबलेटच समोर ठेवते आणि मालिकेचे भाग इंटरनेटवर मिळतातही. अशा वेळी पिवळ्या पडलेल्या, कडा तुटू लागलेल्या प्रती जपण्यात अर्थ आहे का, याविषयी जाणकारांचे मत हवे आहे.

उत्तर (पेटीवादक)
इंटरनेटवर मिळणाऱ्या प्रतीवर विसंबण्यापूर्वी ती आपल्या पुस्तकाशी ताडून पाहावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. भातखंडे लिपीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र स्वराखाली आणि तार स्वरावर बिंदू असतो. निव्वळ काळ्या-पांढऱ्या छटेत घाईने केलेल्या स्कॅनमध्ये नेमक्या याच बारीक खुणा पुसल्या जातात. मालकंस रागातील गंधार, धैवत आणि निषाद यांच्याखालच्या रेघा गेल्या, तर कागदावर उरतात ते ‘भिन्न षड्ज’ या दुसऱ्याच रागाचे स्वर; राग ज्याच्या कानात बसलेला आहे त्याला ही चूक लगेच कळेल, पण नव्या विद्यार्थ्याला ती कळणार नाही. मजकूर ओळखणारी साधने ‘सा रे ग म’ ही अक्षरे वाचतात, मात्र मात्रांखालचे कंस, मींडेची (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची) कमान आणि डोक्यावरचे कणस्वर (मुख्य स्वराला ओझरता स्पर्श करणारे स्वर) त्यांना नीट उचलता येत नाहीत, त्यामुळे स्कॅन हे पानाचे चित्रच राहते आणि चित्र स्वच्छ नसेल तर त्याचा उपयोग नाही. आपण स्वतः स्कॅन करणार असाल तर ते रंगीत आणि किमान ३०० डीपीआयचे (दर इंचाला ३०० ठिपके इतक्या बारकाईचे) असावे. कणस्वर फार बारीक असतील तर ६०० ठेवावे.

उत्तर (समेवर)
माझ्या मते निर्णय पुस्तकाच्या नावावरून न घेता पानांवर हाताने काय लिहिले आहे, त्यावरून घ्यावा. छापील बंदिश ही एक आवृत्ती असते. गुरूने शिकवताना मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) अर्ध्या मात्रेने अलीकडे घेतला असेल, अंतऱ्यातला एखादा शब्द बदलला असेल, तर ती नोंद फक्त आपल्या वडिलांच्या पेन्सिलीच्या खुणेत शिल्लक असते. अशा खुणा असलेले भाग आणि वह्या कोणत्याही परिस्थितीत ठेवाव्यात, आणि स्कॅनसुद्धा प्रथम वह्यांचे करावे. खुणा नसलेले, आजही विकत मिळणारे भाग निःसंकोच द्यावेत.

प्रश्न (रियाजी)
मालिकेच्या तीन भागांत वडिलांच्या खुणा आहेत, ते ठेवीन. पलुस्कर पद्धतीची पुस्तके मात्र मला वाचताच येत नाहीत. ती कोणाला द्यावीत?

उत्तर (पेटीवादक)
वाचता येत नाहीत म्हणून ती आधी देऊ नका. त्या पद्धतीत समेसाठी (तालाच्या पहिल्या मात्रेसाठी) १ आणि खालीसाठी (टाळी न देता हात उघडून दाखवायच्या मात्रेसाठी) + अशी चिन्हे येतात, तर भातखंडे पद्धतीत तीच × आणि ० अशी असतात. पलुस्कर पद्धतीत मात्रांची चिन्हेही प्रत्येक स्वराखाली स्वतंत्र दिलेली असतात. दोन्ही पद्धतींत छापलेली, आपल्याला पाठ असलेली एखादी बंदिश शेजारी ठेवून वाचल्यास ही लिपी समजू लागते. त्यानंतरही नको वाटल्यास संगीत विद्यालयाच्या किंवा विद्यापीठाच्या संगीत विभागाच्या ग्रंथालयाला आधी यादी पाठवून विचारावे. न विचारता गठ्ठे नेऊन दिल्यास ती पुस्तके कोपऱ्यात पडून राहण्याचीच शक्यता अधिक.

उत्तर (समेवर)
ठेवणार असलेल्या पुस्तकांबाबत एक सूचना. फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नये आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नये. चिकटपट्टीचा गोंद कालांतराने कागदात मुरून डाग पाडतो, आणि लॅमिनेशन एकदा केले की काढता येत नाही. आम्लविरहित कागदात गुंडाळून, बाहेरच्या भिंतीला न टेकणाऱ्या कपाटात पुस्तके ठेवावीत आणि पावसाळा संपल्यावर कसर लागली आहे का, ते पाहावे.