मायट्रल झडपेच्या दोन टूडी इकोंमध्ये फरक : मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही तासगाव तालुक्यातले. माझ्या ३८ वर्षांच्या धाकट्या बहिणीला द्राक्षबागेत विरळणी करताना दम लागू लागला, म्हणून सांगलीत टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) केला, तेव्हा मायट्रल झडप, म्हणजे हृदयाच्या डावीकडच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधली झडप, आकसल्याचे निदान झाले. लहानपणी तिचे गुडघे सुजून ताप येत असे. तो संधिवाताचा ताप होता आणि त्यानेच झडपेची पाने एकमेकांना चिकटली, असे डॉक्टरांनी आता सांगितले. त्या वेळी आम्ही तिला घरगुती लेप लावत राहिलो, याची खंत मनातून जात नाही.

पहिल्या अहवालात झडपेचे क्षेत्रफळ १.६ चौरस सेंटीमीटर आणि सरासरी ग्रेडियंट (झडपेच्या वरच्या आणि खालच्या बाजूंच्या दाबांतला फरक) १२ होता. ठोके मंद करणारी गोळी सुरू झाल्यावर दीड महिन्याने मिरजेत दुसरा इको केला, त्यात क्षेत्रफळ १.२ आणि ग्रेडियंट ७ आला. ग्रेडियंट कमी होण्याचे कारण मला उमगते, कारण पहिल्या वेळी नाडी ११० होती आणि दुसऱ्या वेळी ७२. नाडी जलद असली की डाव्या वरच्या कप्प्यातून रक्त खाली उतरायला वेळ कमी मिळतो आणि दाब वाढतो. परंतु दाब उतरला असताना झडपेचे तोंड मात्र अधिक अरुंद दिसावे, हे कोडे सुटत नाही. निरोगी झडपेचे क्षेत्रफळ ४ ते ६ असते आणि १.५ किंवा त्याहून कमी असल्यास आजार तीव्र समजतात, त्यामुळे एका अहवालाप्रमाणे ती रेषेच्या अलीकडे, तर दुसऱ्याप्रमाणे पलीकडे आहे.

जाणकारांना माझी विनंती आहे. पडद्यावर तोंडाची कड आखून क्षेत्रफळ मोजताना छेद पानांच्या अगदी टोकाशी न घेता थोडा वर घेतला गेला, तर आकडा मोठा येतो असे वाचले आहे. पहिल्या वेळी तसे झाले असेल का? डॉप्लरवरून, म्हणजे रक्तप्रवाहाच्या वेगावरून, काढलेले क्षेत्रफळही सोबत मागावे का? दुसऱ्या अहवालात पानांची हालचाल, जाडी, खालच्या दोऱ्यांचे आखडणे आणि साचलेला चुना यांचे मिळून १६ पैकी ८ गुण दिले असून गळती किरकोळ आहे, म्हणून फुग्याने झडप उघडता येईल असे सुचवले आहे. त्याआधी डाव्या वरच्या कप्प्यात गुठळी नाही ना, हे अन्ननलिकेतून इकोची नळी घालून पाहायचे आहे. त्याच वेळी क्षेत्रफळाचीही खात्री करून घेता येते का, की त्यासाठी छातीवरूनच तिसरा इको करावा लागेल?