मदत हवी आहे: काजूने मुलाला तीव्र अ‍ॅलर्जी, पुढच्या वेळी नेमकं काय करायचं?

मुलगा ९ वर्षांचा. गेल्या रविवारी मनीषनगरला नात्यात वास्तुशांती होती. काजूकतलीची एक वडी खाल्ली आणि दहा मिनिटांत म्हणाला, "आई, घशात काहीतरी अडकलंय." पोटावर गांधी उठल्या, खालचा ओठ टम्म सुजला. जाऊबाई म्हणाल्या, पित्त उठलंय, आमसुलाचं पाणी चोळ. चोळलं. सेट्रिझिनचं, म्हणजे अ‍ॅलर्जीचं सिरपही पाजलं. गांधी जरा फिकट झाल्या आणि मी निर्धास्त झाले. तिथेच चुकलं.

मग लागोपाठ दोन उलट्या, आवाज घोगरा, कोरडा खोकला. स्कूटीवर दोघांच्या मध्ये बसवून निघालो. अजनी पुलावर गर्दीत अडकलो आणि त्याची मान माझ्या खांद्यावर कलंडली. हात गार. इस्पितळात पोचताच मांडीत अ‍ॅड्रेनलिन दिलं. थोड्याच वेळात डोळे उघडून पाणी मागितलं त्यानं. रात्रभर देखरेखीखाली होता. घरी सोडताना कागदावर मात्र फक्त 'काजू टाळा'.

नुसतं पित्त की जिवावरचं, हे घरच्यांनी ओळखायचं कसं? अ‍ॅड्रेनलिनचं पेनासारखं तयार इंजेक्शन दोन मेडिकल स्टोअर्समध्ये विचारलं, नाही मिळालं. शाळेत बाईंना काय सांगू? सावजी रश्श्यापासून पनीरच्या भाजीपर्यंत वाटणात काजू असू शकतो, आणि लग्नसराई तोंडावर आलीय.

प्रतिसाद:
ताई, मी बालरुग्ण विभागात परिचारिका आहे. गांधींसोबत उलट्या, दम, घोगरा आवाज किंवा गळून जाणं यातलं एक जरी आलं तरी ते पित्त समजू नका. गांधी नसतानाही हे होऊ शकतं. सिरप खाज कमी करतं, पण सुजलेला घसा आणि घसरलेलं बीपी त्याला आवरत नाही. ते काम अ‍ॅड्रेनलिनचं. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. ५ मिनिटांत फरक नाही पडला तर दुसरा डोस लागतो. मुलाला आडवं ठेवा, पाय उंच. दम लागत असेल तर बसू द्या, पण उभं करू नका, चालवू नका. म्हणून स्कूटी नको, १०८ लावा. बरं वाटल्यावरही काही तासांनी त्रास उलटू शकतो, तेव्हा देखरेख हवीच. अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांकडून वजनानुसार डोस लिहून घ्या. पेन नाही मिळालं तर अँप्यूल (औषधाची काचेची कुपी) आणि सिरिंज घरी ठेवायची का, हे त्यांनाच विचारा आणि भरायला त्यांच्यासमोर शिका.

धागाकर्ती:
उभं करायचं नाही हे माहीतच नव्हतं. स्कूटीवरून उतरवून मी त्याला दारापर्यंत चालवत नेलं होतं. उद्याच अपॉइंटमेंट घेते. डोसचा कागद मिळाला की त्याची एक प्रत बाईंकडे देईन.