छत्रीच्या टोकाला इंग्रजीत काय म्हणतात? (आणि गंजलेल्या पितळेचं प्रकरण)

जुनीछत्री:
जुन्या वस्तूंच्या लिलावासाठी मी इंग्रजीत वर्णनं लिहिते. वस्तू समोर ठेवायची, उलटीपालटी करून बघायची आणि ती काय आहे, कुठे काय बिघडलंय ते पाच-सहा ओळींत मांडायचं. वर्षभर बरं चाललं होतं. परवा एका छत्रीच्या वर्णनात 'एक्स्क्विझिट सिलिंड्रिकल मेटॅलिक अपेन्डेज' असं लिहिलं. टोकाला धातूची टोपी असते ना, ती हलत होती, म्हणून. साहेबांनी वाचलं आणि म्हणाले, "थिसॉरस गिळलास का?" (म्हणजे समानार्थी शब्दांचा कोश.) त्याच आठवड्यात पितळी दिव्याला 'रस्टेड' म्हटलं, तर ग्राहकाची ईमेल आली की मग हे पितळ नव्हेच!

शब्द वाढवायचेत. रोजच्या वस्तूंचे आणि चमत्कारिक गोष्टींचे, दोन्ही. पाठ करायला यादी असेल तर द्या.

रात्रपाळी:
माझे आवडते घ्या. पेट्रिकोर, म्हणजे कोरड्या मातीवर पाऊस पडल्यावर येणारा वास. इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी 1964 साली हा शब्द घडवला. ग्रीकमधला दगड आणि देवांच्या नसांतला द्रव, असे दोन शब्द जोडून. फॉस्फीन म्हणजे मिटलेले डोळे चोळल्यावर दिसणारे ठिपके. बॉर्बोरिग्मस म्हणजे पोटातली गुरगुर. एकदा कळले की विसरत नाही माणूस.

जुनीछत्री:
झकास आहेत हो, पण माझ्या छत्रीला पोट नाही.

अर्धविराम:
मी बरीच वर्षं दुसऱ्यांचं इंग्रजी तपासतोय, त्यामुळे थोडं तिखट बोलेन.

त्या टोपीला फेरूल म्हणतात. पेन्सिलीवर रबर धरून ठेवणारी पत्र्याची कडी असते, तीही फेरूलच. ब्रशचे केस दांड्याला आवळून धरते तीही. 'लूज फेरूल' हे दोन शब्द तुमच्या चार शब्दांपेक्षा जास्त सांगतात. बुटाच्या नाडीच्या टोकाच्या नळीला अ‍ॅग्लेट म्हणतात, पण तो शब्द निम्म्या वाचकांना कळणार नाही. तिथे सरळ 'नाडीचं प्लास्टिकचं टोक' असं इंग्रजीत लिहा. नेमका शब्द वाचकाला येत नसेल तर तोही थिसॉरस गिळल्यासारखाच दिसतो.

आता पितळ. मराठीत आपण सगळ्यालाच 'गंजलं' म्हणून मोकळे होतो, म्हणून ही चूक झाली. रस्ट फक्त लोखंड-पोलादाचा. चांदी काळवंडते, पितळेचीही चमक जाते, ते टार्निश. तांब्या-पितळेवर हिरवट थर चढतो तो व्हर्डिग्री. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ 'ग्रीसचा हिरवा'. आणि वर्षानुवर्षं हाताळून वस्तूवर जी शांत झाक येते ती पॅटिना. गंमत बघा, टार्निश लिहिलं की तक्रार वाटते, पॅटिना लिहिलं की कौतुक. वस्तू तीच. तेव्हा खरं काय आहे ते बघून लिहा, विकायचंय म्हणून नको.

हेच कागदाचं. जुन्या पुस्तकात तांबूस ठिपके पडतात त्याला फॉक्सिंग म्हणतात. पानाचा कोपरा दुमडून राहिला तर डॉग-इअर्ड. चिनी मातीच्या कपावर झिलईत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा असतात ते क्रेझिंग: आतली माती आणि वरची झिलई सारख्या मापानं आकुंचन पावत नाहीत, मग झिलई तडकते. कप फुटलेला नसतो, पण नुसतं 'क्रॅक्ड' लिहाल तर ग्राहक तसंच समजेल.

यादी पाठ करू नका. संग्रहालयं वस्तूंच्या अवस्थेचे अहवाल लिहितात, ते वाचा. तिथे एकही शब्द मिरवायला आलेला नसतो.

शाईचाडाग:
वासाचं मी सांगते. मराठीत आपण किती नेमके असतो! तेल खवट, खोली कुबट, ब्रेड शिळा. इंग्रजी लिहायला बसलो की सगळ्याला 'स्मेली'. तेल रॅन्सिड, खोली मस्टी, ब्रेड स्टेल. इंग्रजीतही प्रत्येकाची जागा ठरलेलीच आहे. मी आधी मराठी शब्द ठरवते, मग त्याच्या तोडीचा शोधते. 'चमकतंय' म्हणून थांबत नाही. लुकलुकतंय तर ट्विंकल, मिणमिणतंय तर ग्लिमर, ओलं होऊन चमकतंय तर ग्लिसन. कवडशाला मात्र एका शब्दात काही सापडलेलं नाही, तिथे आख्खं वाक्यच लिहिते.

रात्रपाळी:
कवडसा! हरलो.

जुनीछत्री:
छत्री पुन्हा लिहिली. काळं कापड, एका काडीजवळ छोटं छिद्र, आकड्यासारखी लाकडी मूठ, तिच्यावर हाताळून आलेली पॅटिना, फेरूल लूज. साहेबांनी एक शब्दही खोडला नाही, म्हणजे खूशच असावेत. दिव्याला टार्निश्ड केलं.

एकच राहिलं. मिटलेली छत्री गुंडाळून बांधायची ती पट्टी असते, तिचं बटण तुटलंय. त्या पट्टीला काय म्हणतात?

अर्धविराम:
स्ट्रॅप.