'रिक्तिका' रिकामी असते का?

आठवीची आई: लेकीची पेशीच्या धड्यावर चाचणी झाली. 'रिक्तिका म्हणजे काय?' याला तिने लिहिलं, 'पेशीतली रिकामी जागा.' अर्धा गुण गेला आणि शेजारी लाल शाईत 'साठवण!' एवढंच. तपासणाऱ्यांचं चुकलं असं म्हणत नाही, पण पोरगी म्हणते, "आई, रिक्त म्हणजे रिकामं ना? मग चूक नावात आहे, माझ्या उत्तरात नाही." मला काही उत्तर सुचलं नाही. हा शब्द असा का पडला? आणि बदलत का नाहीत?

कांदासाल: ताई, दोष मराठीचा नाही. मूळ 'व्हॅक्युओल' हा शब्दच लॅटिनमधल्या 'रिकामं' या अर्थाच्या शब्दावरून आलाय. जुन्या सूक्ष्मदर्शकात त्या जागी काही दिसायचं नाही, म्हणून ते नाव. आपण ते अर्थासकट उचललं.

मी निवृत्त जीवशास्त्रवाला. दरवर्षी कांद्याच्या पापुद्र्याची स्लाइड करून घ्यायचो. लासलगाव उशाशी असल्यावर कांद्याला काय तोटा! चिमट्याने पापुद्रा ओढायचा, पाण्याच्या थेंबात पसरायचा, वर आयोडीन, आणि सुईच्या टोकावर टेकवून वरची काच हळूच खाली सोडायची. घाई केली की हवेचे बुडबुडे अडकतात. काळ्या कडेचा तो गोल बुडबुडा हीच पेशी समजून आकृती काढून मोकळी झालेली पोरं दर बॅचला भेटायची. खऱ्या पेशी लांबट, विटा रचल्यासारख्या. त्यांत पिवळसर ठिपका असतो ते केंद्रक. आता बघा, हे 'केंद्रक' केंद्रात नसतंच! कडेला भिंतीशी चेपून बसलेलं असतं, कारण मधली जागा तुमच्या त्या 'रिकाम्या' रिक्तिकेने बळकावलेली असते. एकाच पेशीत दोन नावं फसवी.

कांदा चिरताना डोळ्यांना पाणी येतं तेही तिच्यामुळेच. ॲलिनेझ नावाचं विकर (एन्झाइम) रिक्तिकेत कोंडलेलं असतं आणि ज्यावर ते काम करतं ती गंधकयुक्त द्रव्यं बाहेर, पेशीद्रव्यात. विळीवर धरला की दोघांची गाठ पडते. रिकामी खोली कुणाला रडवते का?

पिंपळगावकर: आमच्याकडे द्राक्षाच्या मण्यात 'पाणी उतरलं' म्हणतात. हिरवा, टणक मणी एकदम मऊ पडायला लागतो, तेव्हा. माझी पुतणी कृषी पदवीला आहे. तिने सांगितलं, काका, ते पाणी, ती साखर, आंबटपणाची आम्लं, सगळं त्या रिक्तिकेतच उतरतं. गराच्या पेशीत दुसरं काही दिसायला जागाच उरत नाही म्हणे. काळ्या द्राक्षाचा रंगसुद्धा सालीच्या पेशींमधल्या रिक्तिकांतच असतो. मग अवकाळी पाऊस झाला की साखरेने भरलेला मणी पाणी ओढतो, साल ताणली जाते आणि घड तडकतो. वर्षाची मेहनत एका रात्रीत. रिकामं असतं तर बरं झालं असतं.

आठवीची आई: भाऊ, तुमचं वाचून लेक गप्पच झाली. पण तिचा पुढचा प्रश्न: रिक्तिका, भित्तिका, जालिका, तंतुकणिका, लयकारिका, सगळ्यांना 'इका' का? वर्गातली मुलं 'लय भारी कारिका' म्हणतात, ते वेगळंच.

जुनी पोथी: मुलांना शाबासकी द्या, कारण तीच एक 'इका' वेगळी आहे. पुस्तक-पुस्तिका, नाटक-नाटिका यांत 'इका' म्हणजे लहान. कणिका, जालिका, भित्तिका, रिक्तिका त्या घरातल्या. लयकारिका मात्र सेविका, गायिका यांच्या घरातली. लय करणारी ती लयकारिका, पेशीतल्या टाकाऊ गोष्टी पचवून संपवणारी. 1955 साली क्रिस्तियान द दूव्ह यांनी ठेवलेल्या 'लायसोझोम' या नावातही विरघळवण्याचाच अर्थ आहे. पेशीतल्या अशा भागांना 'अंगक' म्हणतात, त्यातला 'क'सुद्धा लहानपणाचाच. अंग मोठं, अंगक छोटं.

'तंतुकणिका' तर शब्दशः उतरवलेला. कार्ल बेंडा यांनी 1898 मध्ये 'मायटोकॉन्ड्रिया' म्हटलं ते ग्रीकमधल्या दोरा आणि कण यांच्यावरून. त्यांना जे दिसलं ते त्यांनी सांगितलं. 'पेशीचं ऊर्जाकेंद्र' हे कामाचं वर्णन मागाहून आलं. तेही जरा जपून वापरावं. नाशिकजवळचं एकलहऱ्याचं वीजकेंद्र काही ऊर्जा जन्माला घालत नाही, कोळशातली ऊर्जा विजेत बदलतं. तंतुकणिका तेच ग्लुकोजमधल्या ऊर्जेचं करते, फक्त वीज नाही, एटीपी, म्हणजे पेशीला वापरता येईल अशी ऊर्जा साठवणारा रेणू.

खुद्द 'पेशी'चं काय? संस्कृतात तो मांसाचा तुकडा. म्हणून हिंदीत पेशी म्हणजे स्नायू आणि आपल्या पेशीला ते कोशिका म्हणतात. हिंदी व्हिडिओ बघणाऱ्या मुलांना हे आधी सांगा. इंग्रजी 'सेल' मात्र खोली. रॉबर्ट हूक यांनी 1665 मध्ये बुचाच्या कापात मेलेल्या पेशींच्या नुसत्या भिंती पाहिल्या, त्यांना मठातल्या खोल्यांसारख्या वाटल्या असाव्यात. तशा खोल्या बघायला नाशिककरांनी पांडवलेण्यावर जावं. दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाच्या मुलीने, दखमित्रेने, भिक्षूंच्या खोलीचं दान दिल्याचा लेख आहे. तिथे खोलीला 'ओवरक' म्हटलंय. आपली देवळातली ओवरी ती हीच. मला विचाराल तर 'सेल'ला ओवरी जास्त शोभला असता. पण जिवंत गोष्टीला दगडी खोलीचं नाव द्यायचं का, हाही प्रश्नच.

पिंपळगावकर: म्हणजे पावसात आमच्या ओवऱ्या फुटतात.

आठवीची आई: मनापासून आभार. रिक्तिका 'साठवण करणारी पिशवी' म्हणून पाठ झाली, का म्हणतात तेही कळलं. जाता जाता, पेशीतल्या त्या दुसऱ्या अंगकाचं नाव गॉल्गी की गॉल्जी?

कांदासाल: ज्याच्यावरून ते नाव पडलं तो माणूस इटलीचा, कामिल्लो गॉल्जी. तिकडे 'जी'च म्हणतात. शाळेत गॉल्गी चालतं. अर्धा गुण आधीच गेलाय ना, मग गॉल्गीच लिहू द्या.