जुनी सात सीटर व्हॅन: ॲव्हरेज १०.८ वरून ८ वर, सगळं बदलून झालं

टपावरची_सतरंजी
गाडी चौदा वर्षांची, पेट्रोल, ऑटोमॅटिक, २ लाख १० हजार किमी झालेली. लिटरला १०.८ किमी द्यायची, सहा-सात महिन्यांत ८.१ वर आली. रस्ते तेच: शाळा, ऑफिस, रविवारी हायवे. एअर फिल्टर नवा, प्लग नवे, ऑइल वेळेवर. चेक इंजिनचा दिवा लागलेला नाही. मेकॅनिक म्हणतो, "वय झालं तिचं." वय झालं म्हणून खाणं वाढलेलं पहिल्यांदाच ऐकतोय. एका मित्राने टाकीत ओतायची बाटली दिली आहे, ओतू का? विकायचं सुचवू नका. सासऱ्यांना चढायला हिचंच सरकतं दार सोपं पडतं. तेही हल्ली कुरकुर करतात, हीटर लावला तरी पाय गारच म्हणून. पण ते घरातही कुरकुर करतात.

टाकी_फुल
आधी मोजता कसं ते सांगा. डॅशबोर्डवरचा आकडा असेल तर सोडून द्या. पंपाची नळी पहिल्यांदा 'टक' करून थांबली की थांबायचं, वर अजून थोडं कोंबायचं नाही. निदान तीन टाक्यांचे किलोमीटर भागिले लिटर काढा. टायर बदललेत का? मूळ मापापेक्षा मोठे घातले असतील तर गाडी जास्त पळते आणि मीटर कमी दाखवतो, म्हणजे ॲव्हरेज फक्त कागदावर पडतं. हवा सकाळी टायर थंड असताना तपासा. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो. टायरवर छापलेला असतो तो कमाल दाबाचा, तो भरू नका.

टपावरची_सतरंजी
तीन टाक्या मोजूनच ८.१ काढलंय. टायर मूळ मापाचेच. मागच्या दोघांत हवा कमी निघाली, भरली.

गरम_काटा
सासऱ्यांचं ऐका हो! हीटरला गरमी कूलंटची, म्हणजे इंजिनमधून फिरणाऱ्या, त्याला थंड ठेवणाऱ्या पाण्याची. ती येत नाही, म्हणजे इंजिनच नीट तापत नसावं. आधी गाडी पूर्ण थंड असताना कूलंटची पातळी बघा, कमी असली तरीही हीटर गार पडतो. (गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका, तोंड भाजेल.) पातळी बरोबर असेल तर माझा संशय थर्मोस्टॅटवर. आत मेणाची झडप असते. इंजिन तापेपर्यंत ती बंद राहून कूलंट रेडिएटरकडे जाऊ देत नाही. ती उघडीच अडकली की कूलंट पहिल्यापासून थंड होत राहतं. कॉम्प्युटरला वाटतं इंजिन अजून गार आहे, म्हणून तो पेट्रोल जास्त सोडतो. ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्समधला तेलाचा दुवा) लॉक व्हायलाही उशीर लागतो, तोवर थोडी ताकद वाया जाते.

मी याच दुखण्यापायी सेन्सर बदलला, इंजेक्टर साफ करून घेतले, एक हिवाळा घालवला. मग एकदा लांबलचक उतारावर पाय ॲक्सिलरेटरवरून काढला आणि तापमानाचा काटा अर्ध्यावरून हळूहळू खाली सरकताना दिसला. चढ लागला की परत वर. हायवेला तुमचा काटा बघा. दिवा नाही म्हणून गाफील राहू नका, बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावा, पी०१२८ (इंजिन पुरेसं तापत नसल्याचा कोड) पेंडिंगमध्ये, म्हणजे दिवा न लावता नोंदलेला, बसलेला असू शकतो.

चाक_चौकस
अजून एक, फुकटचं. वीसेक मिनिटं चालवून चारही चाकांजवळ हात न्या, रिमला लावू नका. एकच चाक भट्टीसारखं असेल तर तिथला ब्रेक सुटत नाहीये. बाटली मित्राला परत द्या.

टपावरची_सतरंजी
काटा हायवेला पाव रेषेच्याही खाली! चारही चाकं सारखीच कोमट. कूलंट पुरेसं होतं. कोड तोच निघाला. थर्मोस्टॅट नवा बसवला, आणि तेव्हाच टपावरचं कॅरिअरही उतरवलं, दोन वर्षं उगाच वारा खात होतं. पहिल्या टाकीला १०.१. सासऱ्यांनी काल हीटर कमी करायला सांगितला.

टाकी_फुल
अभिनंदन, पण दोन्ही एकदम कशाला केलंत? टायरची हवाही त्याच सुमारास भरलेली. आता कशाने किती वाढलं ते कसं कळणार? पुढच्या दोन टाक्या मोजून इथे टाका.

टपावरची_सतरंजी
कॅरिअर परत चढवून मोजायचं म्हणत असाल तर माझ्याच्याने ते होणार नाही.