मदत हवी आहे : शजर दगड मांडायचा कसा?

नमस्कार मंडळी. आमचे थोरले काका रेल्वेत होते, बरीच वर्षं झाशीकडे. परवा त्यांची ट्रंक आवरताना रुमालात गुंडाळलेला एक दगड निघाला. बांद्याच्या केन नदीतला शजर, म्हणजे आत झाडाझुडपासारखी नक्षी दिसणारा दगड. (बांदा म्हणजे आपलं सावंतवाडीजवळचं नव्हे, उत्तर प्रदेशातलं.)

आकार आंब्याच्या कोयीएवढा, रंग पातळ ताकासारखा. एक बाजू घासून गुळगुळीत केलेली, दुसरी खडबडीत. उजेडापुढे धरला की आत काळपट झुडूप दिसतं, अगदी शेपूच्या काडीसारखं. काकू म्हणते, आत खरंच पान अडकलंय. तसं नाही, हा अकीकच (अ‍ॅगेट, एक अर्धमौल्यवान दगड). भेगांमधून झिरपलेल्या मँगनीज आणि लोहाच्या ऑक्साइडची ती नक्षी. पण काकूला कोण समजावणार!

नक्षी खरीच वाटते. भिंगातून पाहिलं तर काही फांद्या वर, काही खोल दिसतात. रंगवलेली असती तर एकाच पातळीवर दिसली असती ना?

आता अडचण. एक कारागीर म्हणतो, कापून दोन पेंडंट करून देतो. ते मला नकोय, दगड अख्खाच ठेवायचाय. मागून एलईडी लावायचा तर खडबडीत बाजूलाही पॉलिश करावं का? त्यात नक्षी घासली जाण्याची भीती वाटते. स्टँडला लाकडी खाच बरी की पितळी तार? आणि कुणी खोबरेल चोळा म्हणतं, त्याने चमक येते की नुसता चिकटा बसतो?

कुणी असा दगड घरात मांडला असेल तर फोटो टाका प्लीज.